पाटीवरची रिकामी जागा

सोमवार, ४

नव्या उपक्रमाची रोज नोंद ठेवा, असं मोठ्या बाईंनी सांगितलंय. त्यासाठी शाळेनं जाड पुठ्ठ्याची वही दिली आहे. तिच्यात काय लिहायचं ते लिहून झालं. ही वही माझी आहे आणि ती कोणाला दाखवायची नाही.

आज बारा जणांसमोर माझं हसं झालं. आमच्या शाळेत प्रत्येक मुलाचा दरवर्षी एक आराखडा होतो. वर्षभर काय शिकवायचं, पुढे कुठे पाठवायचं, सगळं त्यात ठरतं. त्यात 'विद्यार्थ्याचे म्हणणे' असा एक रकाना असतो. आता परिपत्रक आलंय की तो रकाना मुलाला विचारूनच भरायचा आणि बैठकीला मूल स्वतः हजर पाहिजे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "आजवर आपण हा रकाना कसा भरत होतो ते जरा बघू," आणि नेमकी माझ्याच वर्गाची फाइल उघडली.

"मला पाकिटे बनवायला आवडतात. मला माझी शाळा आणि माझ्या बाई फार आवडतात," त्यांनी वाचलं. पान उलटलं. दुसरं मूल. "मला पाकिटे बनवायला आवडतात. मला माझी शाळा..." चौथ्या मुलापाशी खेळाचे सर हसायला लागले. अकरा मुलं, आणि अकराच्या अकरांना पाकिटं आवडतात नि मी आवडते. त्यातली नऊ तर बोलतच नाहीत. क्लार्क म्हणाला, "बाई, एवढी एकमुखी मतं मला मिळणार असतील तर मी निवडणुकीला उभा राहतो."

"मुलं बोलत नाहीत. कोणीतरी लिहायलाच हवं ना?" मी म्हणाले. आवाज चढला आणि कान गरम झाले. चोवीस वर्षांच्या नोकरीत अशी मान खाली घालायची वेळ आली नव्हती.

"पहिला प्रयोग तुमच्याच वर्गात करू," मोठ्या बाई म्हणाल्या. "इन्स्पेक्टरचा आराखडा याच महिन्यात आहे ना? अठ्ठावीस तारीख. वरच्या ऑफिसातून मॅडम बघायला येणार आहेत."

येऊ देत. दाखवतेच त्यांना.

मंगळवार, ५

इन्स्पेक्टर हे नाव क्लार्कनं ठेवलेलं. सोळा वर्षांची मुलगी आहे. सकाळी आली की आधी शाळेत एक फेरी मारते. उघडं दार दिसलं की लावते, तिरकी खुर्ची सरळ करते, सुटलेलं झाकण बसवते. मोठ्या बाईंच्या खोलीचं दारसुद्धा लावते, आत काहीही चाललेलं असो. ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त बोलत नाही. त्यासाठी तिच्याकडे चित्रपाटी आहे. हातभर लांबीची प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर वेल्क्रोचे चौकोन आणि चौकोनांवर चिकटवलेली चित्रं. पाणी, भूक, आई, घर, शाळा, बाई, पाकिटं, दुखतंय, हवं. जे म्हणायचं ते चित्र काढायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. सहा वर्षं ती माझ्या वर्गात आहे आणि ही पाटी मीच तिला शिकवली. हे कोणी फाइलीत वाचून दाखवत नाही.

पुढच्या महिन्यात तिला सतरावं लागतंय. म्हणजे या आराखड्यात पुढच्या दोन वर्षांचं ठरणार, पाकीट विभाग, धुलाई विभाग की रोपवाटिका. तसं ठरलेलंच आहे. पाकीट विभागात एकच जागा आहे, तिच्यावर तीन वर्गांचा डोळा आहे, आणि ती मी हिच्यासाठी धरून ठेवली आहे.

आता एवढंच करायचं की बैठकीत तिनं पाकिटांचं चित्र आपल्या हातानं द्यायचं. परवापासून सराव.

गुरुवार, ७

तीन चित्रं समोर मांडली. पाकिटं, शाळा, बाई. विचारलं, "तुला काय आवडतं?" तिनं तिन्ही चित्रं उचलून पाटीवर जागच्या जागी लावली आणि नेहमीचा चाळा सुरू केला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात वेल्क्रोचा एक रिकामा चौकोन आहे. तो नखानं खरवडत बसते. टक टक टक. डोकं उठतं. मागच्या आराखड्यात मी 'बोटांचा निरर्थक चाळा' म्हणून नोंद केली होती आणि त्यासाठी तिला एक स्पंजचा चेंडू आणून दिला होता. तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं होतं.

मग मी तिचा हात धरून पाकिटांचं चित्र माझ्याकडे आणवलं आणि बिस्किटाचा तुकडा दिला. चौथ्या खेपेला तिनं आपणहून दिलं. शाळेच्या वहीत लिहिलं, 'चौथ्या प्रयत्नात स्वयंस्फूर्त प्रतिसाद.' स्वयंस्फूर्त लिहिताना जरा अडखळले. पण सवय लावल्याशिवाय ही मुलं शिकणार कशी?

दुपारी गोंदकाम होतं. ते सोमवारी आणि गुरुवारी असतं. पुन्हा मनगट चावलं तिनं. तिच्या आईनं शिवलेला चामड्याचा पट्टा घातलेला असतो, तो दातांनी वर सरकवते आणि नेमकी तिथेच चावते. तिथली कातडी टाचेसारखी झाली आहे. फाइलीत 'कारण अज्ञात' असं तीन वर्षं लिहितेय.

शनिवार, ९

सुट्टी. सकाळी ह्यांच्यापुढे चहा ठेवला तर म्हणाले, "बिनसाखरेचा मला आवडत नाही." म्हटलं, चार वर्षं पिताय की! तर म्हणाले, "तू विचारलंस कधी?" आज सगळ्यांनी माझ्यावर खटला भरायचं ठरवलंय वाटतं.

सोमवार, ११

इन्स्पेक्टरची आई येऊन गेली. ती एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवते. कामावर जाता जाता आली, अंगात निळा कोट तसाच.

"बाई, पाकिटाची जागा नक्की ना? माझं सगळं तिच्यावर आहे. हिला आठला सोडते नि साडेआठला लिफ्टमध्ये उभी राहते. धुलाईवाले साडेनऊशिवाय घेत नाहीत. तासभर हिला कुठे ठेवू?"

"नक्की," मी म्हणाले.

"आणि हिला विचारणार म्हणजे काय विचारणार?"

"विचारायचं म्हणून विचारायचं. मी तयारी करून घेतेय तिची."

"मग बरं." तिचा जीव भांड्यात पडला. उठता उठता म्हणाली, "चावणं वाढलंय हो. सोमवारी नि गुरुवारी घरी येते ती मनगट लाल करूनच. तेरा वर्षांची होईपर्यंत एकदाही स्वतःला इजा केली नव्हती पोरीनं."

"वय आहे ते," मी म्हणाले. ती मान डोलावून गेली. माझ्या शब्दावर फार विश्वास आहे तिचा.

मंगळवार, १२

मंगळवारी आमच्या वर्गात वाचा सर येतात, मुलांना बोलायला शिकवणारे. या वर्षीच लागले आहेत. पन्नाशीचे आहेत आणि स्वतः इतकं बोलतात की मुलांना बोलायला वावच उरत नाही, असं क्लार्क म्हणतो. आज ते माझा सराव बघायला मागे येऊन बसले. इन्स्पेक्टरनं पहिल्या खेपेलाच पाकिटांचं चित्र माझ्या हातात ठेवलं. मी मोठ्या तोऱ्यात मागे वळून बघितलं.

सरांचं चित्राकडे लक्षच नव्हतं. ते तिच्या बोटाकडे बघत होते.

"ही तिथे काय मागतेय?"

"मागत नाहीये, चाळा आहे तो."

"रिकामा चौकोन आहे. आधी काय होतं तिथे?"

"काही नव्हतं," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला आठवलं.

घरी आल्या आल्या लिहायला बसले आहे. तिथे 'नको' होतं.

तीन वर्षांपूर्वी ती दिवसाला चाळीस चाळीस वेळा 'नको' द्यायची. गोंद नको, बसायला नको, ओळीत उभं राहायला नको. एकदा शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात 'नको' ठेवून सरळ चालती झाली. मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मी ते चित्र काढून घेतलं. थोडे दिवस, असं मनाशी म्हटलं होतं. पहिला आठवडा तिनं शोधलं. टेबलाखाली, चित्रांच्या खोक्यात, माझ्या पर्समध्येसुद्धा. मग शोधायचं थांबली आणि त्या रिकाम्या जागेवर बोट आपटायला लागली. आणि मी लिहिलं, 'नकारात्मक प्रतिसाद शून्यावर.' शिक्षकांच्या वार्षिक संमेलनात त्यावर निबंध वाचला. त्याचं प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर लावलंय. इथून दिसतंय मला.

चावणंही तीन वर्षांचंच आहे. सोमवार आणि गुरुवार. काल तिची आई माझ्यासमोर बसून वार सांगत होती आणि मी म्हणाले, वय आहे ते.

लाज वाटते. दुसरा काही शब्द नाही.

बुधवार, १३

चित्र सापडलं. खणात, टाचण्यांच्या डबीखाली. उघडा पंजा आणि त्यावर लाल फुली. बाकीची चित्रं नव्यासारखी आहेत. याचे कोपरे झिजलेत, प्लॅस्टिक सुटलंय, एका बाजूला अंगठ्याचा मळकट ठसा आहे. तिनं सगळ्यांत जास्त वापरलेलं चित्र हे होतं.

काय करावं? सांगितलं तर निबंध, प्रमाणपत्र, फाइल, सगळ्यांवर बोळा फिरणार. वर बारा जण पुन्हा हसणार, आणि यावेळी हसणार नाहीत कदाचित, ते जास्त वाईट. गुपचूप लावून टाकलं तर कोणाला कळतंय? तिला परत मिळाल्याशी कारण.

गुपचूप लावायचं ठरवलंय. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतंय, आणि तरी ठरवलंय.

गुरुवार, १४

ती यायच्या आधी लावलं. ती फेरी मारून आली, बसली, पाटी ओढली. बोट सवयीनं कोपऱ्याकडे गेलं आणि थांबलं. तिनं चित्र उचललं नाही. नुसती बघत राहिली. मग त्यावर तळहात ठेवला आणि मधल्या सुट्टीपर्यंत काढला नाही. डबा डाव्या हातानं खाल्ला.

दुपारी मी तिच्यापुढे गोंदाची वाटी ठेवली. तिनं 'नको' काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. आणि मी काय म्हणाले? "पाचच पाकिटं कर, मग बघू." तोंडातून आपोआप गेलं. चोवीस वर्षांची सवय. तिचा हात वर निघाला, दात पट्ट्याला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वाटी उचलून मागच्या कपाटात ठेवली. तिचा हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

आज ती चावली नाही. गुरुवार असून.

जाताना तिनं चित्र पाटीवर लावलं नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवलं. पाटीवरचं चित्र कोणीतरी काढून घेतं, हे तिला माहीत आहे.

सोमवार, १८

आज एकतीस 'नको'. गोंद, पाकिटं, वाटी, कागद कापणं. बेरजांना एकही नाही, आणि मला वाटायचं तिला बेरजांचा तिटकारा आहे. दोन वेळा मला. मी काही न म्हणता बाजूला झाले, पण आत काहीतरी टोचलं.

मोठ्या बाई डोकावल्या. "अरे वा, नको म्हणायला शिकवलंत हिला? परिपत्रकात हेच तर म्हटलंय!"

"हो," मी म्हणाले, "नवीन घेतलंय."

नवीन! शाबासकीसुद्धा घेतली वर. चोर तो चोर आणि चोरलेलं परत दिल्याबद्दल हार घालून घेतला. शाळेच्या वहीत दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या मी इथे उतरवत नाही.

मंगळवार, १९

वाचा सरांनी दिवसभर त्या चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "नवीन चित्राचे कोपरे एवढे झिजलेले कसे हो, बाई?" आणि गेले. एरवी निरोप घ्यायला वीस मिनिटं लावतात.

बुधवार, २०

तिच्या आईला भेटायला गेले. कामाच्या ठिकाणीच, कारण घरी गेले असते तर इन्स्पेक्टर समोर असती. अकरा मजली इमारत आहे. आई लिफ्टमध्ये स्टुलावर बसलेली. मला बघून हबकली. "काय झालं? चावली का कोणाला?"

"नाही, नाही. दोन मिनिटं बोलायचंय."

"मला खाली उतरता येत नाही, बाई. तुम्ही आत या."

मग वर जाताना आणि खाली येताना सांगितलं. मध्ये माणसं चढत होती, उतरत होती. कोणी आत आलं की मी थांबायची, ते उतरले की पुढचं. सगळं सांगायला तीन फेऱ्या लागल्या. ती बटणांकडे बघत ऐकत होती.

"घरच्या पाटीवरचंही तुम्हीच काढायला लावलंत," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं होतं, घरी राहू दे. तुम्ही म्हणालात, दोन्हीकडे एकसारखं पाहिजे."

"हो."

"टाकलं नाही मी ते. बटणांच्या डब्यात आहे." एक गृहस्थ चढले. "कितवा? पाचवा." पाचव्यावर ते उतरले. दार बंद झाल्यावर ती म्हणाली, "हात चावते म्हणून मी मारलंय तिला. थोबाडीत. माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"किती वेळा ते विचारू नका."

 माफी मागायची म्हणून गेले होते, पण माफ करा म्हटलं असतं तर तिला वर काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तेवढंही ओझं तिच्यावर टाकवेना.

"आणि पाकिटाची जागा?"

"तिला नकोय ती."

"माझी साडेआठची ड्युटी?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ती कोण बघणार? तुमचं सांगून झालं, तुम्ही मोकळ्या झालात."

मी मोकळी झाले नव्हते, पण तसं म्हणण्याचं तोंड नव्हतं.

"तळमजला," ती म्हणाली. "उतरा, बाई."

शुक्रवार, २२

मोठ्या बाईंनाही सांगितलं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. मग म्हणाल्या, "जुनं कशाला उकरता? चित्र परत दिलंत ना? अठ्ठावीसला मॅडमसमोर सगळं नीट होऊ द्या. शाळेचं नाव आहे." बाहेर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीही नंतर लाज वाटली.

वाचा सरांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले की सोमवारी-मंगळवारी तिला तिन्ही विभागांत अर्धा अर्धा दिवस बसवून आणतो, फोटो काढतो, म्हणजे बैठकीत तिला कळेल की कशाबद्दल विचारताहेत. इतकी साधी गोष्ट. आजवर तीस-एक मुलांना मी पाकीट विभागात पाठवलं असेन. एकालाही तो आधी दाखवला नव्हता.

संध्याकाळी प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "खिळा राहू दे, कॅलेंडर लावू." मग स्वतः उठून दोन कप चहा केला. आपल्या कपात दोन चमचे साखर घातली आणि माझ्याकडे बघून ढवळली.

गुरुवार, २८

बैठक झाली. मी बैठकीला नव्हते, म्हणजे होते आणि नव्हते. क्रमानं लिहिते.

मोठ्या बाईंच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या ऑफिसातल्या मॅडम, मोठ्या बाई, वाचा सर, तिची आई, मी आणि ती. ती आत आली आणि आधी सगळ्या खुर्च्या सरळ केल्या. मॅडम बसल्या होत्या ती खुर्चीसुद्धा ओढायला लागली, तेव्हा मॅडम हसून उठल्या. खेळीमेळीत सुरुवात झाली. आई माझ्याकडे बघत नव्हती.

सर म्हणाले, "आधी हिला विचारू, हिच्या बैठकीत कोण कोण बसणार." त्यांनी पाच फोटो टेबलावर मांडले, आमच्या पाचही जणांचे. मला खरंच वाटलं होतं की माझा ती पहिला उचलेल. इतकं सगळं होऊनही. सहा वर्षं तिच्या वेण्या घातल्यात मी.

आईचा फोटो तिनं आपल्याजवळ ठेवला. सरांचा ठेवला. मॅडमचा उलटसुलट करून बघितला आणि ठेवला. मोठ्या बाईंचा ठेवला. मग माझा हातात घेतला, नीट बघितला, टेबलाच्या मधोमध सरळ ठेवला, आणि खिशातून 'नको' काढून त्यावर ठेवलं.

 मोठ्या बाई पटकन म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाई आहेत ना त्या! गंमत करतेय, मॅडम." आणि चित्र उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," मी म्हणाले.

मग मी मॅडमना सांगितलं. "हे चित्र नवीन नाही. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, कारण मला त्याचा त्रास व्हायचा. घरचंही काढायला लावलं. तेव्हापासून ती हात चावते. फाइलीत मी कारण अज्ञात लिहिलंय, ते खोटं आहे. 'विद्यार्थ्याचे म्हणणे'मध्ये जे आहे ते सगळं माझं म्हणणं आहे." एवढंच. पाठ केलं नव्हतं, तरी एका दमात बोलले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मी उठले.  बाहेर आले आणि दार लावायचं भानच राहिलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती आली आणि दार लावलं. रागानं नाही, रोज लावते तसंच.

व्हरांड्यातल्या बाकावर पस्तीस मिनिटं बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मध्येच आई हसल्यासारखी वाटली, की रडली, कोण जाणे. सहा वर्षांत पहिल्यांदा ती काहीतरी सांगत होती आणि काय ते मला ठाऊक नव्हतं. क्लार्क पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्यानं काही विनोद केला नाही.

शुक्रवार, २९

आराखडा सहीसाठी माझ्याकडे आला. वर्गशिक्षिकेनं 'वाचले' म्हणून सही करायची असते. तो रकाना सरांच्या अक्षरात आहे. तसाच उतरवते.

'पाकिटे: नको. गोंद: नको. रोपवाटिका: नको. (हाताला माती लागते म्हणून असावे, हा अंदाज आमचा आहे, तिचा नाही.) धुलाई: चादरींच्या घड्या घालतानाचा फोटो तीनदा दिला, तिन्ही वेळा 'हवं'सोबत. बाई: नको.'

खाली पालकांचं म्हणणं. 'ड्युटी बदलून मागितली आहे. मिळेल की नाही माहीत नाही. तोवर ती सकाळी माझ्यासोबत लिफ्टमध्ये बसेल.'

मी तो रकाना चार वेळा वाचला. शेवटची नोंद बघून डोळे भरून आले, आणि स्वतःची कीव करत बसल्याचा रागही आला. चोवीस वर्षांत असे शेकड्यांनी रकाने भरले, पण कोणी काहीतरी म्हटलंय असा हा पहिलाच. 'वाचले' लिहिलं आणि सही केली.

सोमवार, २

तिला सरांच्या देखरेखीखाली धुलाई विभागात पाठवलं. माझ्यावर चौकशी बसेल म्हणतात. बसू दे.

वर्गात राहिलेली दहा मुलं. आज मी सगळ्यांच्या पाट्या आणि जुन्या याद्या समोर घेऊन बसले. एकाच्या पाटीवरून 'घरी जायचंय' काढलं होतं. दोघांच्या पाटीवरून 'बाहेर'. 'नको' चौघांचं. एका मुलीचं 'पुरे'. कारणं प्रत्येक वेळी छापील अक्षरासारखी स्वच्छ लिहिली आहेत. एकेका घरी पत्र लिहिलं, कोणाचं काय काढलं होतं ते शब्द न फिरवता. आठ पत्रं झाली. हात दुखला, दुखू दे.

दुपारपर्यंत चित्रं कापून लावून दिली. एका पठ्ठ्यानं लगेच बिस्किटाला 'नको' दिलं, मी बिस्किट मागे घेतलं, तर ते हिसकावून खाल्लं. फक्त चालतं का ते बघत होता.

शुक्रवार, ६

शाळा सुटायच्या आधी धुलाई विभागापाशी गेले. जायला नको होतं की काय, माहीत नाही. पण लपून बघायचं नाही एवढं ठरवलं होतं, म्हणून उघड्या दारात उभी राहिले.

आत साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. ती टेबलाशी चादरीची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा, मग हातानं दाबून सपाट, मग पुन्हा कोपऱ्याला कोपरा. शेजारी एवढा मोठा ढीग, पण एक कड इकडची तिकडे नाही. मनगटावर पट्टा नव्हता. कातडी अजून तशीच आहे, ती कधी पूर्ववत होईल असं वाटत नाही.

मी पाटीवरचं 'बाई' हे माझं चित्र बरोबर नेलं होतं. ते पुढे धरून विचारलं, "येऊ आत?"

तिनं घडी पूर्ण केली. मग दारापर्यंत आली, खिशात हात घातला आणि 'नको' माझ्या हातात ठेवलं. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"बरं," मी म्हणाले.

ती तशीच बघत होती, पुढे आणखी काहीतरी येईल म्हणून. पाचच मिनिटं, एकदाच, फक्त बघते. मी काही म्हणाले नाही. मग तिनं हात पुढे केला. तिला तिचं चित्र परत हवं होतं. मी दिलं. तिनं ते खिशात ठेवलं आणि दार लावून घेतलं.